आईच्या गोंदणासाठी कुसात्सुत खोली शोधताना

जपानमधल्या कुसात्सुत राहायचं कुठे, हे ठरवायला मला सात आठवडे लागले. आई-बाबा वाईहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे टोकियोतल्या निशी-कासाईला आले होते. देवळं, बागा, समुद्रकाठ असं सगळं बघून झाल्यावर आईने आपणहून एकच गोष्ट मागितली. "तुमच्या या देशात उन्हाळी पुष्कळ आहेत म्हणतात. एकदा ने मला."

आईचं माहेर दापोली तालुक्यातलं. तिकडे गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात, आणि उन्हवरे गावाच्या तर नावातच ऊन आहे. लहानपणी ती आजीबरोबर तिथे आंघोळीला जायची. बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं, गंधकाचा वास अंगाला दोन दिवस राहायचा आणि आजीच्या सांध्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. लग्न होऊन वाईला आल्यावर नदी मिळाली, घाट मिळाला, उन्हाळं मात्र सुटलं ते सुटलंच. आता आईचेच गुडघे आजीच्या गुडघ्यांसारखे झालेत. त्यामुळे "एकदा ने" या दोन शब्दांत किती काय होतं ते मला कळत होतं, आणि म्हणूनच मी घाईत काही बुक करायला तयार नव्हते.

गरम झऱ्यांचं हाकोने टोकियोच्या जवळ आहे, पण मी कुसात्सुच धरलं. गुन्मा प्रांतात, डोंगरात, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर वसलेलं गाव. आपल्या पाचगणीपेक्षा थोडंसंच कमी उंच. आरिमा आणि गेरोबरोबर जपानच्या तीन नामांकित ओन्सेनांत, म्हणजे गरम झऱ्यांच्या गावांत, त्याचं नाव शेकडो वर्षं घेतलं जातं. माझ्यासाठी कारण वेगळं होतं. अनेक ठिकाणी खोल बोअर मारून, पंप लावून पाणी वर काढतात. कुसात्सुत ते आपोआप येतं, मिनिटाला ३२,००० लिटरहून जास्त. गावाच्या मधोमध युबाताके आहे, म्हणजे गरम पाण्याचं शेत. एकट्या त्या शेतातून मिनिटाला सुमारे ४,००० लिटर पाणी उकळल्यासारखं वर येतं आणि सात लांब लाकडी पन्हळींतून हळूहळू निवत पुढे जातं. पन्हळींच्या तळाशी गंधकाचा पिवळसर साका बसतो. त्याला युनोहाना म्हणतात, पाण्याची फुलं. ती ठराविक काळाने खरवडून, वाळवून विकतात.

आईला हे फोटोत दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, पाटाचं पाणी सोडल्यासारखं आहे की!" तेव्हाच ठरलं.

*

मी आणि नवरा चार वर्षांपूर्वी कुसात्सुला गेलो होतो. तेव्हा राहण्याची जागा मी फोटो बघून निवडली होती. मोठं हॉटेल, सुंदर खोली, खिडकीतून जंगल. नाव लिहीत नाही. मी एक साधी गोष्ट विचारली नव्हती, ती म्हणजे चढ किती. कुसात्सु एखाद्या वाटीसारखं आहे आणि युबाताके वाटीच्या तळाशी. बस स्थानक वर, बरीचशी हॉटेलं त्याहून वर. जाताना पाय आपोआप खाली ओढले जातात, येताना प्रत्येक वेळी चढायचं. रात्री नऊनंतर हॉटेलची गाडी बंद झाली होती, फेब्रुवारी होता, रस्त्यावर बर्फ गोठून काच झालेला. आम्ही एकमेकांचे हात धरून वीस मिनिटं चढलो. आम्हाला ते जमलं. आईला जमलं नसतं.

म्हणून या वेळी पहिली अट चढाची घातली. नकाशावरचं अंतर या गावात फसवं असतं. "युबाताकेपासून ३०० मीटर" असं लिहिलेलं असतं, पण त्या ३०० मीटरमध्ये पायऱ्यांची गल्ली असू शकते. मी एकेका र्‍योकानचा, म्हणजे पारंपरिक जपानी अतिथिगृहाचा, पत्ता घेऊन रस्त्याची चित्रं पावलापावलाने बघितली. कुठे पायऱ्या आहेत, त्यांना कठडा आहे का, दारापर्यंत टॅक्सी येते का. हे तासन् तास केलं, आणि त्याचा उपयोग झाला.

मग साहजिकच असं वाटतं की युबाताकेच्या समोरच राहावं. तिथे जुनी, लाकडी, देखणी र्‍योकान आहेत. नाराया, यामामोतोकान ही नावं कुसात्सुचं नाव काढलं की पाठोपाठ येतातच. शिराहाता नावाच्या झऱ्याचं पाणी त्यांच्याकडे येतं. मला मनापासून तिथे राहायचं होतं. पण आई-बाबांचं वेळापत्रक नऊला झोप आणि चारला जाग असं आहे. युबाताकेवर रात्री दिवे लावतात, माणसं उशिरापर्यंत फोटो काढत फिरतात, युकाता या सुती झग्याखाली लाकडी गेता घातलेले पाय दगडी फरशीवर टकटक वाजत राहतात. ऐकायला तो आवाज मला फार आवडतो. झोपेत नाही. शिवाय र्‍योकानचा दर खोलीचा नसतो, माणशी असतो, ही गोष्ट आपल्या लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. चार माणसं एका खोलीत राहिली तरी चौघांचे पैसे, कारण त्यात रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरलेलं असतं. शनिवारी तोच दर आणखी चढतो. आम्ही मंगळवार-बुधवार घेतला, आणि महिना ऑक्टोबरचा, म्हणजे पानं रंगलेली आणि बर्फ अजून लांब.

*

दुसरी अट पाण्याची. ही बहुतेक लोक लावतच नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण कुसात्सुत सगळं गाव पाण्यासाठीच आहे.

इथे एकच झरा नाही. युबाताके, शिराहाता, जिझो, साइनोकावारा, बांदाई असे वेगवेगळे उगम आहेत आणि प्रत्येक र्‍योकानच्या हौदात कुठलं पाणी येतं ते ठरलेलं असतं. बांदाईचं पाणी १९७० साली सापडलं. ते जवळजवळ ९५ अंशांचं येतं, इतकं की त्याच्या उष्णतेवर गावातल्या नळांचं साधं पाणी तापवून घेतात आणि रस्त्यांवरचा बर्फ वितळवतात. ते अंगाला जास्त झोंबतं असं गावातले लोक सांगतात, आणि माझाही अनुभव तसाच आहे. जिझोचं त्या मानाने सौम्य वाटतं. म्हातारी, कोरडी त्वचा असली तर हा फरक मोठा आहे.

सगळीच पाणी मात्र आम्लाची. सामू (pH) सुमारे २, म्हणजे लिंबाच्या रसाच्या जवळपास. कुठे खरचटलेलं असेल तर लगेच कळतं. लोखंडी खिळा या पाण्यात ठेवला तर काही दिवसांत सुईसारखा बारीक होतो. इथून खाली वाहणाऱ्या नदीत पूर्वी मासे जगत नसत, काँक्रीट टिकत नसे, शेताला ते पाणी चालत नसे. १९६४ पासून गावाखालच्या कारखान्यात चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून ती नदीत सोडतात, दिवसरात्र, वर्षभर. एक दिवसही थांबत नाहीत. नदीतलं आम्ल असं मारल्यावरच खालच्या यानबा धरणाचं रखडलेलं काम पुढे सरकू शकलं. ते धरण २०२० साली पुरं झालं आणि कावारायु नावाचं जुनं ओन्सेन गाव त्याच्या पाण्याखाली गेलं. लोकांना वर डोंगरात हलवावं लागलं. आगगाडीतून ते नवं स्टेशन, नवी घरं दिसतात. बाबांना कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं माहीत आहेत. खिडकीतून ते जलाशय संपेपर्यंत बघत राहिले, बोलले काही नाहीत.

पाणी बघताना मी एक शब्द शोधत होते: काकेनागाशी. उगमाचं पाणी हौदात येतं, काठावरून वाहून जातं, तेच पाणी गाळून परत फिरवलं जात नाही. कुसात्सुत हे बऱ्याच ठिकाणी असतं, पण विचारावं. आणि विचारावं की गार पाणी मिसळता का. पाणी न घालताच ते निववायची कुसात्सुची जुनी पद्धत युमोमी. सहा फुटी फळ्यांनी बायका ओळीत उभ्या राहून, गाणं म्हणत पाणी घुसळतात. औषधी पाणी पातळ होऊ नये हा त्यामागचा हेतू. आज युमोमी युबाताकेजवळच्या नेत्सुनोयु नावाच्या इमारतीत खेळासारखी बघायला मिळते, पण मला त्यात आपल्या आज्यांचा काढा दिसतो. उकळून आटवायचा, वर पाणी ओतायचं नाही.

पाण्याचं बोलता बोलता आईच्या जोडव्यांचा प्रश्न आला. या पाण्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. आई जोडवी काढत नाही. पंचेचाळीस वर्षांत ती फक्त एका शस्त्रक्रियेच्या वेळी काढलीत. मी तिला सांगितलं, काळी पडतील. ती म्हणाली, "पडू देत. घरी चिंच आहे ना?" निशी-कासाईत चिंच मिळते. तो प्रश्न तिथेच मिटला.

*

आता खाण्याचं. बाबा माळकरी. मांस-मासे-अंडं काही नाही. र्‍योकानचं रात्रीचं जेवण हा तर तिथल्या मुक्कामाचा मानबिंदू, छोट्या छोट्या भांड्यांत दहा-बारा पदार्थ. त्या प्रत्येकात कुठेतरी दाशी असते. वाळवलेल्या बोनितो माशाच्या पाकळ्यांचं पाणी. भाजीत असते, सूपमध्ये असते, नुसत्या पालकावरही असते. "आम्ही शाकाहारी आहोत" असं कळवलं की बहुतेक ठिकाणी मासा काढतात, दाशी राहते. त्यांच्या दृष्टीने तो मासा नसतो, ती चव असते. यात कुणाची लबाडी नाही. पण बाबांना फसवून खाऊ घालणं मला जमणार नव्हतं.

सुदोमारी घ्यायचं, म्हणजे जेवणाशिवाय नुसती खोली, असा विचार पक्का होत होता. मी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि छोटा कुकर नेणार होते.

आणि शेवटची अट, जी मी पहिल्यांदा धरलीच नव्हती. एका र्‍योकानच्या नियमांत ती ओळ वाचली आणि हात थांबला: अंगावर टॅटू असलेल्यांना हौदात प्रवेश नाही.

आईच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, तुळस आहे. हिरवी, आता जराशी फाकलेली. कुंडीचा चौकोन, त्यावर फांद्यांच्या रेघा, पानांचे ठिपके. आठ वर्षांची असताना जत्रेत गोंदणारणीकडून काढून घेतली, तिच्या आजीने हात धरून ठेवला होता. कपाळावरही एक ठिपका आहे, तो कुंकवाखाली जातो. माझ्या आयुष्यात आईच्या हाताकडे बघून मला "टॅटू" हा शब्द कधी सुचला नव्हता.

जपानमध्ये हा नियम याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांमुळे आला. त्यांच्या पाठभर कोरलेल्या चित्रांना लोक घाबरत, म्हणून सरसकट बंदी. २०१५ साली जपानच्या पर्यटन खात्याने देशभरच्या हॉटेल-र्‍योकानांना विचारलं तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जागा गोंदलेल्यांना हौदात येऊ देत नव्हत्या. २०१३ साली होक्काइदोत न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, बाईंना चेहऱ्यावरच्या परंपरागत गोंदणामुळे स्नानगृहाच्या दारातून परत पाठवलं होतं. त्या एका भाषा-परिषदेसाठी आल्या होत्या. ही बातमी मी तेव्हा वाचली होती आणि विसरले होते. आता ती आईच्या चेहऱ्यानिशी आठवली.

मला हे आईला सांगायचं नव्हतं. पण ती स्वयंपाकघरात शेजारीच भाजी निवडत बसलेली, आणि माझ्या फोनवरच्या बोलण्यातला ताण तिला भाषा न कळता कळतो. सांगितलं. काही जागा कातडीच्या रंगाची चिकटपट्टी लावून आत सोडतात, तेही सांगितलं. तिने हात पुढे करून तुळस बघितली, जणू बऱ्याच दिवसांनी बघतेय. म्हणाली, "झाकायची कशाला? मेल्यावर सोनं-नाणं सगळं काढून घेतात. हीच एक बरोबर येते."

त्या दिवशी मी यादीतली निम्मी नावं खोडली.

*

इतके दिवस मी संगणकावर जागा निवडत होते. आता फोन उचलला. माझं जपानी कामापुरतं चांगलं आहे, पण गोंदणाला टॅटू म्हणायचं नसेल तर काय म्हणायचं, यासाठी माझ्याकडे शब्द नव्हता. मी एक वाक्य लिहून काढलं: "आईच्या हातावर तिच्या आजीने लहानपणी काढवून घेतलेलं पवित्र झाडाचं चित्र आहे."

सहा ठिकाणी फोन केले. दोघांनी नम्रपणे नाही म्हटलं. एकाने पट्टी लावा म्हटलं. एकाने खासगी हौद सुचवला. काशिकिरी म्हणतात त्याला, आतून कडी लावायची, चाळीस-पन्नास मिनिटं फक्त आपल्या माणसांसाठी. ती सोय चांगली होती, आणि ज्यांना परक्यांसमोर कपडे काढायचा संकोच वाटतो त्या आपल्या सगळ्या लोकांना मी तीच सांगेन. पाचव्याला माझं वाक्यच कळलं नाही.

सहावी जागा जिझोच्या बाजूच्या गल्लीत, आठ खोल्यांची. तिचे फोटो अगदी साधे होते, एकात तर उन्हाची तिरीप आल्यामुळे काही दिसतच नव्हतं. फोन मालकीणबाईंनीच घेतला. र्‍योकानच्या मालकिणीला ओकामी म्हणतात. त्यांनी माझं वाक्य पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठलं झाड?"

मी म्हटलं, तुळस. जपानीत नीट शब्द सुचेना. पवित्र बेझिल असं काहीतरी म्हणाले.

"दुखलं असेल लहानपणी," त्या म्हणाल्या. "या म्हणावं. आमच्याकडे आठच खोल्या आहेत, मी बाकीच्या पाहुण्यांना आधी सांगून ठेवीन."

मग प्रश्न त्यांनीच विचारले. आईला जमिनीवरून उठता येतं का, की पलंगाची खोली देऊ? पलंग असलेली तातामीची, म्हणजे गवती चटयांची, खोली असते, तिला वायोशित्सु म्हणतात, त्यांच्याकडे तशी एकच होती. हौदापाशी अंग धुवायचं स्टूल बुटकं असतं, उंच आणून ठेवू का? रक्तदाब आहे का? असेल तर जेवल्यावर लगेच हौदात नको आणि एका वेळी पाच मिनिटांच्या वर नको. वडील मासा खात नाहीत तर दाशी कोम्बु या समुद्री शेवाळाची आणि शिइताके अळंबीची करीन, तळणीचं तेल वेगळं ठेवू का?

तळणीचं तेल. चार वर्षांत मला हा प्रश्न जपानमध्ये कुणी विचारला नव्हता. मी फोन धरून गप्प बसले, त्यांना वाटलं लाइन तुटली.

दर माणशी साधारण चौदा हजार येन, दोन जेवणांसकट. युबाताकेसमोरच्या जागांच्या जवळजवळ निम्मा. लिफ्ट नव्हती, पण पलंगाची खोली तळमजल्यावर होती.

*

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. निहोम्बाशीला गाडी बदलून उएनो, तिथून कुसात्सु-शिमा नावाची एक्स्प्रेस, सुमारे अडीच तासांत नागानोहारा-कुसात्सुगुची. ही गाडी दिवसाला मोजक्याच वेळा असते, तेव्हा जागा आधी धरावी. स्टेशनाबाहेर बस उभीच असते, अर्ध्या तासात वर. बसचं दार उघडलं आणि गंधकाचा वास आला. आईने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. "उन्हवरे," म्हणाली.

दुपारी बाबा आणि मी उताराकडच्या भागात चालत गेलो. तिथे पूर्वी युनोसावा नावाची वस्ती होती. या पाण्याने महारोग बरा होईल या आशेवर देशभरातून रोगी यायचे. १८८७ साली त्यांना गावापासून वेगळं काढून तिथे वसवलं. त्यांनी तिथे घरं बांधली, दुकानं चालवली. इंग्लंडहून आलेल्या मेरी कॉर्नवॉल ली नावाच्या बाईंनी १९१६ पासून तिथे काम केलं. मग १९३२ साली सरकारी रुग्णालय झालं आणि १९४१ साली वस्ती मोडून टाकली. त्या रुग्णालयाच्या आवारात शिक्षेच्या कोठड्या होत्या. तिथे ९३ जणांना डांबलं, त्यातले २३ मेले. सक्तीने वेगळं ठेवण्याचा कायदा १९९६ पर्यंत होता. बाबा तरुणपणी सोमनाथला श्रमसंस्कार छावणीला गेले होते, आनंदवन त्यांनी बघितलंय. ते बराच वेळ उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "पाण्याने कुणाला नाही म्हटलं नसेल." मग माळ शर्टाच्या आत सारली आणि आम्ही हळूहळू परत चढलो.

जेवण सहाला. बाबांच्या ताटात माइताकेच्या अळंब्यांची भजी, कोम्बुच्या पाण्यातलं तोफू, डोंगरात पिकणारे मोठे जांभळे हानामामे घेवडे गोड शिजवलेले, लोणची, भात. बाबांनी भातावर मेतकूट घेतलं आणि ओकामींनाही चमचाभर दिलं. त्यांनी ते हुंगून, चाखून, काय काय आहे ते एकेक ओळखायचा प्रयत्न केला. डाळ ओळखली. धने ओळखले नाहीत.

*

मी आणि आई पहाटे पाचला हौदावर गेलो. आदल्या दिवशी आईला काशिकिरीच बरा वाटला होता आणि ओकामींनी तो ठेवलाही होता, पण पहाटे तीच म्हणाली, "उन्हाळ्यावर आम्ही सगळ्या बायका एकत्रच असायचो."

मी आईसमोर, आई माझ्यासमोर, बाळपण सोडलं तर अशी कधी नव्हतो. कपडे ठेवायच्या खोलीत दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिलो. तिने बांबूच्या टोपलीत साडीची घडी ठेवली, त्यावर मंगळसूत्र रुमालात गुंडाळून ठेवलं, आणि मग वळली. तिच्या पोटावर माझ्या जन्माची खूण आहे. ती मी पहिल्यांदा नीट बघितली.

उंच स्टूल ठेवलेलं होतं. मी तिची पाठ चोळली. हौद लाकडी, जेमतेम पाच-सहा बायका मावतील एवढा, काठावरून पाणी सतत वाहून जात होतं. कठड्याला धरून ती एकेक पाय आत टाकत गेली. पाणी चाळिसाच्या वर असावं. गळ्यापर्यंत बसल्यावर तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी उन्हाळ्यात माठातलं पाणी पिणाऱ्या माणसाकडून ऐकलाय.

कोपऱ्यात एक आजी आधीपासून बसलेल्या. ओकामींच्या सासूबाई. ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी डोक्यावर टॉवेलची घडी ठेवली होती, आणि आईने ते बघून लगेच आपलीही घडी डोक्यावर ठेवली. थोड्या वेळाने आजी पाण्यातून सरकत जवळ आल्या. सुनेने त्यांना सांगितलं असणार. त्यांनी आईच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, विचारावं का असं.

आईने हात पाण्याबाहेर काढून त्यांच्यासमोर धरला. ओल्या हातावर तुळस एरवीपेक्षा हिरवी दिसत होती. आजींनी एक बोट कुंडीवर ठेवलं, मग फांदीवरून वर नेत नेत पानांचे ठिपके मोजले. अकरा. मला आजवर माहीत नव्हतं की ते अकरा आहेत.

"तुळस," आई म्हणाली.

"तुरासु," आजी म्हणाल्या.

"तुळ-स."

"तुरा-सु."

मी घड्याळाकडे बघितलं. पाच मिनिटं होऊन गेली होती. मी आईला सांगितलं, आता बाहेर ये. ती म्हणाली, थांब गं जरा.